कळ थांबली तेव्हा

कोकणातल्या नाटे गावात भागोजी सुतार होड्या बांधायचा. काम चोख, पण संध्याकाळची दारू चुकायची नाही. तिशीतच त्याच्या पोटात कळ यायला लागली. जेवण झालं की बेंबीच्या वर उठायची ती थेट पाठीत घुसायची. मग तो पोटाशी उशी आवळून पुढं वाकून बसायचा. तेवढ्यानं जरा हलकं वाटायचं. कुणी पित्त म्हणालं, कुणी अल्सर. औषधांनी गुण आला नाही.

एकदा काम करताना कळ आली, हातातली कुऱ्हाड निसटली आणि शेजारच्या सदूचा पाय थोडक्यात वाचला. त्या दिवसापासून भागोजीनं दारूला हात लावला नाही. तरी कळ यायचीच. काही वर्षांनी मात्र ती विरळ होत गेली आणि मग थांबलीच. "सुटलो गे!" तो बायकोला, काशीला म्हणाला. कोंबडी कापून त्यानं साऱ्या वाडीला जेवण घातलं.

काशीला वेगळंच दिसत होतं. पोटभर जेवूनही नवऱ्याचे सदरे ढगळ व्हायला लागले होते. शौचाला तेलकट व्हायची. तो लघवी करायचा त्या जागी मुंग्या जमायच्या.

"आवो, हे काय बरं लक्षण नाय. रत्नागिरीला जाऊया."

रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या खाण्यापिण्याचं सगळं विचारलं. लघवीत साखर निघाली. पोटाच्या साध्या एक्स-रेत कण्यावर आडव्या ओळीत पांढरे ठिपके दिसले.

"हे खडे स्वादुपिंडातले," बाई म्हणाल्या. "ते जठराच्या मागं असतं. अन्न पचवणारा रस तिथं होतो, साखर आवरणारं इन्सुलिनही तिथलंच. दारूनं तो रस घट्ट होऊन नळ्यांत साकळला, त्याचे खडे झाले. वाट तुंबली, आणि पुन्हापुन्हा सूज येऊन पिंड निबर झालं."

"पण बाई, कळ तर गेली!"

बाईंनी एक्स-रेतल्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. "दुखायला तिथं आता फारसं काही उरलेलं नाही, भागोजी."

"मग दारू सोडून काय मिळालं?"

"सोडलीत म्हणून आज चालत आलात."

बाहेर बाकावर बसल्यावर तो काशीला म्हणाला, "मी लोकांना जेवण घातलं गे." आणि त्याला रडू आलं.

मग इन्सुलिन सुरू झालं. जेवणाबरोबर पाचक गोळ्या, तेल बेताचं. अंग थोडं भरलं, पण जड काम पुन्हा झेपलं नाही. पाणी आत शिरू नये म्हणून होडीच्या फळ्यांच्या सांध्यांत तो बसून कापूस भरायचा. काशी काचेची सिरिंज उकळून रोज सुई द्यायची, आणि भागोजी दर वेळी तोंड फिरवून भिंतीकडं बघायचा.