जागी आसस मां?

दुरुस्ती संपली तरी मालवणातला आमचा मेकॅनिक 'झाली' असं कधी म्हणत नसे. "चलवन बघा," एवढंच म्हणे, आणि गाडी नजरेआड होईपर्यंत तिच्या आवाजाकडे कान लावून उभा राही.

दर रविवारी आम्ही आचऱ्याला सासुरवाडीला जायचो. लेक मागच्या सीटवर झोपायची आणि उतरल्यावर डोकं दुखतं म्हणायची. मी गाडी दाखवायला नेली ती मात्र नुसत्या फटफट आवाजासाठी. त्याने विचारलं, "चेडू गाडयेत निजता?" लेक गाडीत छान झोपते, असं मी कौतुकाने सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. इंजिन चालू ठेवायला सांगून त्याने सायलेन्सरच्या तोंडावर ओलं फडकं दाबलं आणि खाली वाकला. पाइपाला चीर पडली होती. धूर फुसफुसत बाहेर पडून मागच्या सीटखालच्या फटीतून आत येत होता. अशा धुरात झोपलेलं माणूस पुन्हा उठेलच असं नसतं.

पाइप बदलून झाल्यावरही तो म्हणाला, "चलवन बघा."

तेव्हापासून रस्त्यात आमची गाडी दिसली की तो हात आडवा करायचा. माझ्याकडे न बघता मागच्या काचेवर टकटक करायचा. "गो, जागी आसस मां?" लेक जीभ दाखवायची. मला रागच यायचा त्याचा. मी जे विसरू बघत होतो, ते तो विसरू देत नव्हता.

जत्रेच्या दिवशी तिने मुद्दाम डोळे मिटून घेतले. त्याने टकटक केली, पुन्हा केली, मग दार उघडून तिला गदागदा हलवलं. ती खळखळून हसली. जिवात जीव येऊन मीही हसलो. वळून पाहिलं तर तो दिसेना.

जत्रेच्या पांढऱ्या कपड्यांनिशी तो गाडीखाली शिरला होता.