नाव सांगणारी तबकडी

सेलूच्या कापसाच्या जिनिंगात मी कामाला नवा होतो. शाळा चौथीतच सुटलेली, गाव लांब, मनात सारखी धास्ती. स्टेशनाजवळच्या हॉटेलात फोनोच्या तबकडीवर एक गाणं लागायचं, त्याचाच काय तो धीर. ते लागलं की तिथला एक म्हातारा गिऱ्हाईक चपला काढून उभा राहायचा.

एकदा गाणारी बाई वारल्याची खबर आली. हॉटेलाचे मालक तबकडी फेकायलाच निघाले. "मेल्या माणसाचा आवाज दुकानात नको!"

म्हातारा म्हणाला, "मालक, गाणं सरल्यावर बाई सोताचं नाव सांगती. तेवढं सांगू द्या, मंग फेका."

तबकडी फिरली. बाईंनी हसऱ्या आवाजात नाव सांगितलं.

"व्हय बाई, ऐकायलोय," म्हातारा हात जोडून म्हणाला.

मालकांनी तबकडी फडक्यानं पुसली आणि पुन्हा लावली. मला रडू फुटलं. बाई गेली म्हणून की तबकडी राहिली म्हणून, ते अजून उमगलेलं नाही.