कुंपणापलीकडून ऐकलेलं

मंगळवारी सकाळी माझी पत्नी वारली. कुंपणापलीकडे राहणारे निवृत्त प्राध्यापक भेटायला आले नाहीत.

चौलला आम्ही बरीच वर्षं शेजारी. ते गणिताचे. बोलताना मान खाली, आणि वाक्य अर्ध्यावर सोडून पोफळींकडे बघत राहायची सवय. एकदा मी त्यांच्या संशोधनाबद्दल विचारलं.

"आकार डोळ्यांनी बघायचा नाही," ते म्हणाले. "त्याच्यावर होणाऱ्या क्रिया घ्यायच्या. कुठली आधी, कुठली नंतर, याने फरक पडतो. त्या नीट कळल्या तर आकार परत मिळतो. अगदी गुळगुळीतपणासकट."

"भावजी, तुमचा आकार चहा घेणार का?" पत्नीने ओटीवरून विचारलं. ते मान वर न करताच हसले. तिचा चेहरा त्यांनी कधी धड पाहिला असेल, असं मला वाटत नाही.

तेराव्यानंतर मी प्रथमच अंगण झाडलं, मग विहिरीवर गेलो.

"उलट झालं," कुंपणापलीकडून आवाज आला.

"काय उलट?"

"वहिनी आधी रहाट ओढायच्या. अबोलीला पाणी. मग खराटा. झाडून झालं की थोडं खोकायच्या, मग फाटकाची कडी. रोज ऐकायचो, आणि…"

वाक्य तिथेच सोडून ते आत गेले. तिच्या खोकल्याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

आता मी आधी पाणी काढतो, मग झाडतो. झाडून झालं की जरा थांबतो. पलीकडे तेही थांबलेले असतात. मग मी फाटकाची कडी लावतो.