कुणाला काही विचारायचंय?

इंडोनेशियातल्या सेमारांगच्या आमच्या फर्निचर कंपनीत हेंदार्तोसाहेबांची सगळी प्रेझेंटेशन्स वुर्यानीताई बनवायच्या. एका स्लाइडवर एकच मुद्दा, मागच्या रांगेतूनही वाचता येतील एवढी ठळक अक्षरं, आणि नटवेपणा अजिबात नाही. मी एकदा रंगीत बाण टाकले, तर म्हणाल्या, "लग्नाचा मांडव घालतोयस का रे?" शेवटी साहेब विचारायचे, "कुणाला काही विचारायचंय?" एकही हात वर आला नाही की ताई खूश. कुणाला विचारावं लागलं म्हणजे आपली स्लाइड फसली, असं त्यांचं ठाम मत होतं.

आमच्याकडे निवृत्त होणाऱ्याचं आयुष्य पडद्यावर दाखवायची पद्धत आहे. सगळ्यांचं ताईच बनवायच्या. त्यांची स्वतःची वेळ आली तेव्हा आम्ही निर्लज्जासारखे म्हणालो, "ताई, तुमच्यासारखं आम्हाला कुठलं जमायला! तुम्हीच करा ना."

त्यांनी केलं. मोजून सात स्लाइड. पाचवीवर एका ताटाचा फोटो होता आणि खाली ठळक अक्षरांत एकच ओळ: "आई गेल्यापासून अकरा वर्षं मी एकटीच जेवते."

सातवी स्लाइड संपली. हेंदार्तोसाहेबांनी सवयीने विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?"

एरवी ताई एवढ्यात लॅपटॉप बंद करायला लागायच्या. त्या दिवशी त्यांनी तो उघडाच ठेवला आणि आमच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

मागच्या रांगेपर्यंत सगळ्यांना सगळं स्वच्छ कळलं होतं. एकही हात वर आला नाही. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर नऊ वर्षं बसलो होतो. मी निरोप समारंभासाठी सगळ्यांना वाटलेला पिवळ्या भाताचा डबा उघडला.