खैरुनआपाची समोरची खुर्ची

खैरुनआपा कुणाच्याही घरी गेली की आधी खुर्ची हलवायची. कुणी "बसा" म्हणायची वाट बघायची नाही. चपला काढल्या की तिची नजर दाराकडे, मग दारासमोरच्या भिंतीकडे, आणि मग तिथं जे काही असेल ते सगळं बाजूला. टीपॉय असो, कुंडी असो, आमचे हे असोत. दुबईजवळच्या अल मजाजमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये दारासमोर नेमकी आमच्या ह्यांची टीव्हीची खुर्ची होती. मॅच रंगात आली होती, आणि एका अनोळखी म्हातारीनं त्यांना दंडाला धरून उठवलं आणि सोफ्याच्या कोपऱ्यात नेऊन बसवलं. इतक्या वर्षांच्या संसारात जे मला जमलं नव्हतं ते तिनं आल्या-आल्या केलं. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

मग ती स्वतः त्या खुर्चीत बसली, हात मांडीवर, तोंड दाराकडे. तेवढ्यात माझा मुलगा शाळेतून आला. दार उघडलं तर समोर आपा. "मम्मा, हू इज शी?" त्यानं विचारलं. आपा खूश झाली. "बघितलंस? घरात शिरणाऱ्याला पहिलं माणसाचं तोंड दिसायला पायजे. भिंत दिसली तर माणूस आत येऊन पण बाहेरच रवतो."

आता तुम्ही विचाराल, ही बाई करायची काय? ती राजघराण्यांतल्या लग्नांत करवल्या चालवायची.

आपल्याकडची करवली तुम्हाला ठाऊक आहे. हातात कऱ्हा आणि दिवा, नाकावर राग, मानाची साडी जरा हलकी निघाली की मांडवात रुसायला मोकळी. इथल्या शेखांच्या लग्नात रुसायला जागा नसते. बायकांचा हॉल वेगळा. दारातच फोन काढून घेतात. आत एक लांबलचक उंच वाट, आणि वाटेच्या टोकाला फुलांनी मढवलेलं नवरीचं आसन. दिवे मंद होतात आणि दुसऱ्या टोकाकडून नवरी निघते. तिच्यापुढे पाकळ्यांच्या परड्या घेतलेली चिमुरडी पोरं, बाजूला मेणबत्त्या घेतलेल्या चुलतबहिणी, आणि सगळ्यांच्या मागे, नवरीच्या झग्याचा खोलीभर लांब घोळ उचलून धरणारी, काळ्या अबायात आणि काळोखात विरघळून गेलेली एक बाई. ती आपा. पोरांना तालीम देणं, मोठ्यांना धीर देणं आणि शेवटी तो घोळ धरणं, हे सगळं तिच्याकडे.

फोन बंद, म्हणून तिचा कामावरचा एकही फोटो जगात नाही. तुम्हाला माझ्या शब्दावरच विश्वास ठेवावा लागेल, आणि मी मीठमसाला लावून सांगते हे माझ्या नणंदेकडून तुमच्या कानावर आलंच असेल.

मी फुलवाली. बर दुबईत देवळाच्या गल्लीत गजरे आणि पूजेच्या पुड्या विकण्यापासून सुरुवात केली, आणि हळूहळू मोठ्या लग्नांच्या फुलांच्या कंत्राटात शिरले. अशाच एका लग्नाच्या तालमीत मी परड्या भरत होते. पोरांनी गोंधळ मांडला होता. एक रडत होती, एक गुलाबाच्या पाकळ्या खात होती, आणि एक छोटा राजपुत्र वाटेच्या मधोमध आडवा पडून छत बघत होता. कानाला यंत्र लावलेली व्यवस्थापक बाई इंग्रजीत विनवण्या करत होती. तेवढ्यात आपा आली. पोरांकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

"यल्ला, चला, यांच्या आया कुठं हायत?"

आया पलीकडे कॉफी पीत होत्या. चांगल्या हिरेजडित, मानाच्या बायका. आपानं त्यांना एकेक करून उठवलं, हॉलच्या पार टोकाला नेलं आणि नवरीच्या आसनाखाली ओळीत बसवलं. कोणाची आई कुठं, ते प्रत्येक पोराला बोटानं दाखवलं. मग पोरांच्या मागे येऊन फक्त म्हणाली, "शुवय शुवय." अरबीत म्हणजे हळूहळू. आणि ती पोरं निघाली, देवाशपथ, डौलदार पावलं टाकत, नजर समोर, जणू जन्मभर हेच करत आली आहेत. छोटा राजपुत्रसुद्धा उठून चालायला लागला.

मी आ वासून उभी होते. आपा माझ्या टोपलीतली एक पाकळी उचलत म्हणाली, "पोराला चालायला शिकवायचं नसतं गो फुलवाली. आय कुठं बसवायची तेवढं बघायचं."

हा नियम ती मोठ्यांनाही लावायची. एकदा एका नवरीची चुलतबहीण, जुमेरा लेक टॉवर्समधल्या कुठल्याशा ऑफिसात शंभर माणसांवर हुकूम चालवणारी, मेणबत्ती धरताना अशी थरथरत होती की ज्योत विझायची. पाणी पाजलं, पंखा घातला, काही उपयोग नाही. आपानं तिच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, तुझी आई कुठं आहे? आई गुडघ्यांमुळे मागच्या टेबलाशी बसली होती. दोघींनी धरून तिला पुढं आणली. मेणबत्ती स्थिर. "माणूस कितीही मोठा झाला तरी हॉल लांबच असतो," आपा नंतर मला म्हणाली. मी हसले. मला तेव्हा तो विनोद वाटला होता.

तिची भाषा म्हणजे एक खिचडी होती. मूळ रत्नागिरीच्या खाडीकाठची, त्यावर हिंदी, त्यावर अरबी. भाव करताना दिरहम म्हणायची आणि उसासा रुपयांत टाकायची. स्वतःच्या कामाबद्दल तिचं एकच मत होतं, "मागची बाई दिसली तर नवरी पडली समज." घोळ हातात असताना ती खोकायची नाही, शिंकायची नाही, आणि काही झालं तरी हात सोडायची नाही. ही शपथच होती म्हणा ना.

तिची स्वतःची गोष्ट तिनं मला एकदा अब्रात, म्हणजे इथल्या खाडीतल्या होडीत, सांगितली. आम्ही क्रीक ओलांडत होतो, माझ्या मांडीवर निशिगंधाच्या जुड्या, तिचं तोंड पलीकडच्या काठाकडे. नवरा समुद्रात गेला तो आलाच नाही. मुलगी नसरीन चार वर्षांची. तिला आपल्या आईपाशी ठेवून आपा इथल्या एका राजघराण्यात पोरं सांभाळायला आली. दर दोन वर्षांनी सुट्टी. पहिल्या सुट्टीत बॅगा भरभरून खेळणी घेऊन ती घराच्या दारात उभी राहिली, तर नसरीन आजीच्या मागं लपली. आजीला ती "आय" म्हणायला लागली होती.

"मी दारात, ती घरात," आपा म्हणाली. "उलटं पायजे होतं. ती दारातनं आत येताना मी समोर बसलेली पायजे होते." मग पाण्यात हात बुडवून तिनं तो झटकला. "जाताना दर वेळी मी सांगायची, इन्शाल्ला पुढच्या सुट्टीत कायमची येते. पोरगी मोठी झाली, खलास. मग इचारायची पण बंद झाली."

तेव्हा मला आमच्या ह्यांची खुर्ची कळली.

मग एक लग्न आलं. नवरी म्हणजे आपानंच सांभाळलेल्या पोरींपैकी एक. लहानपणी तिला आपानंच परडी देऊन चालवली होती. आता तिनं आपाला बोलावून सांगितलं, माझ्यापुढं फुलं टाकायला तुझी नात हवी. आपा माझ्याकडे आली ती अक्षरशः धावत. तिला तसं धावताना मी त्याआधी बघितलं नव्हतं. नसरीन येणार, तिची पाच वर्षांची अलिझा येणार. अलिझा परडी घेऊन चालणार, टोकाला नसरीन बसणार, आणि मागून आपा. तिघी एका वाटेवर. "फुलवाली, माझं एवढं होऊ दे," ती म्हणाली, "मग अल्लानं कधीपण बोलवावं." मी म्हटलं, आपा, बोलावणं पुढं ढकला, अजून तीन लग्नांची फुलं ठरली आहेत. ती हसली नाही. पहिल्यांदाच.

नसरीन आली. रत्नागिरीत शाळेत शिकवणारी, नीटनेटकी, मोजकं बोलणारी बाई. आईला "अम्मी, तुम्ही" म्हणायची. त्या "तुम्ही"त इतका आदर होता की आपाला गिळताच येईना. मी वातावरण हलकं करायला माझे ठेवणीतले किस्से काढले, नकला केल्या. नसरीन हसायची, तोंडावर हात ठेवून, पाहुण्यांसारखी. अलिझा तेवढी रमली. आपानं तिला आमच्याच फ्लॅटच्या हॉलमध्ये तालीम दिली, स्वयंपाकघरापासून दारापर्यंत. टोकाला नसरीन बसायची. पोर सरळ जाऊन तिच्या कुशीत शिरायची. प्रत्येक वेळी आपा मागून बघत राहायची, हातात माझी जुनी साडी, झग्याचा घोळ म्हणून.

लग्नाच्या दिवशी मी वाटेच्या कडेला पडद्याआड होते, पाकळ्यांच्या जादा टोपल्या घेऊन. दिवे मंद झाले. वाद्यं सुरू झाली. अलिझा सगळ्यात पुढं, पांढऱ्या झग्यात, आणि खरं सांगते, त्या सगळ्या राजकन्यांत ती जास्त राजकन्या दिसत होती. अर्ध्या वाटेपर्यंत आली आणि थांबली.

टोकाची खुर्ची रिकामी होती.

मघाशी मी स्वतः नसरीनला तिथं बसताना बघितलं होतं. आता तिथं नुसती मखमल. अलिझानं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. परडी तिरकी झाली. मागची पोरं तिच्यावर आदळली. त्यांच्या मागे नवरी थांबली, आणि अख्खा हॉल थांबला.

आणि आपानं घोळ सोडला.

जी बाई शिंकसुद्धा गिळायची, ती सगळ्यांच्या देखत काळोखातून उजेडात आली, नवरीला ओलांडून पुढं आली आणि नातीसमोर गुडघ्यावर बसली. हात पसरले. "ये, मी हाय ना. मी हाय." अलिझानं त्या काळ्या अबायातल्या म्हातारीकडे बघितलं, जिला ती जेमतेम काही दिवस ओळखत होती, आणि किंचाळून मागं सरली. सरली ती थेट नवरीच्या झग्यात. नवरी वाकली, तिनं पोरीचा हात धरला, आणि दोघी मिळून पुढं चालायला लागल्या. बायकांनी जिभा हलवत आनंदाच्या लकेरी काढल्या, टाळ्या वाजवल्या. किती सुंदर, किती मायाळू नवरी, असं सगळ्या म्हणत होत्या. घोळ फरशीवरून फरफटत त्यांच्या मागं गेला. आपा वाटेच्या मधोमध गुडघ्यावर तशीच. मी तिला दंडाला धरून पडद्याआड आणलं.

नसरीन मला बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये सापडली, भिंतीला टेकून उभी. मी भांडायच्या तयारीनंच गेले होते. तिनं मला तोंडच उघडू दिलं नाही.

"बसले होते हो मी, मावशी. अलिझा येताना दिसली. मग मागं त्या दिसल्या, अम्मी. दुसऱ्याच्या मुलीचा झगा असा धरला होता, असा जपून, की... माझ्या लग्नाला त्यांना सुट्टी मिळाली नव्हती. मला बसवेना."

मी भांडण विसरून पडद्याआड आपाकडे परत गेले.

कुणी आपाला शब्दानं बोललं नाही. नवरीनं उलट मिठाई पाठवली. पण आपानं पुन्हा कुणाचा घोळ धरला नाही. बोलावणी आली की सांगायची, हात कापतात. नसरीन ठरल्या दिवशी परत गेली. विमानतळावर तिनं आईला वाकून सलाम केला, अगदी रीतसर. त्यानंतर आपा आमच्याकडे यायची तेव्हा जिथं जागा असेल तिथं बसायची. आमचे हे आपणहून उठून खुर्ची रिकामी करायचे. ती मान हलवायची. ते मग कितीतरी वेळ अवघडून उभेच राहायचे.

पुढं आपा आजारी पडली, आणि आजार झपाट्यानं वाढला. शेवटी शेवटी मी रोज हॉस्पिटलात जायचे. तिनं नर्सला सांगून पलंग फिरवून घेतला होता, तोंड दाराकडे. मी नसरीनला फोन केला. आता फार दिवस उरले नाहीत असं स्पष्ट सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "सांगा त्यांना, इन्शाल्ला येते."

मी आपाला सांगितलं, नसरीन येते म्हणाली.

तिनं डोळे उघडले. "नुसतं येते म्हणाली, का इन्शाल्ला येते?"

मी आयुष्यभर गोष्टींना मीठमसाला लावत आले. त्या वेळी एवढा एक शब्द गाळायचा होता. आपा माझ्याकडे बघत होती आणि मला तो गाळता आला नाही.

"इन्शाल्ला येते म्हणाली."

आपा हसली. आवाज नव्हता, नुसते खांदे हलले. "माजीच पोर," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळानं तिचा हात चादरीवरून उठला आणि मला बाजूला हो म्हणून हलला. मी पलंगासमोर, दाराच्या बाजूला खुर्ची ओढून बसले होते. तिला एकटं वाटू नये म्हणून मुद्दाम तिथं बसले होते, तिच्याकडूनच शिकले होते ते.

"सर गो बाय थोडी," ती म्हणाली. "वाट आडते."

मी उठले, खुर्ची भिंतीला लावली आणि तिच्या उशाशी जाऊन उभी राहिले, जिथून मी तिला दिसणार नाही अशी. दार उघडंच होतं. समोर कॉरिडॉर होता, लांबच लांब.