ऐकू नको, वाजव

लग्न झालं की बाईचा हात जड होतो, असा शोध माझ्या माहेरच्या भजनी मंडळानं लावला, आणि तोही मोबाईलवरून. हात माझा होता. मी पखवाज वाजवते.

बाई पखवाज वाजवते म्हटलं की यवतमधले लोक आधी माझ्याकडं बघतात आणि मग आमच्या ह्यांच्याकडं, बिचाऱ्याचं कसं चाललं असेल म्हणून. चांगलं चाललंय. आमच्या घरात हात पिढीजात आहे. आजोबा मेंढरं घेऊन हिंडायचे आणि जत्रेत ढोल वाजवायचे. वडिलांनी मेंढरं विकली, घोड नदीकाठी ऊस लावला आणि ढोल ठेवून पखवाज धरला. मुलगा नसेल म्हणून पोरीला शिकवलं असेल, असं पुष्कळांना वाटतं. मुलगा आहे. माझा धाकटा भाऊ. त्याला ताल आणि तालुका यांतला फरक कळत नाही, त्याला वडील काय करणार?

माहेरच्या गावात आमच्या बायकांचं भजनी मंडळ आहे. पेटीवर काकू, म्हणजे माझी चुलती, आणि टाळ घेऊन आठ जणी. काकू मंडळाच्या मालकीणच म्हणा. पेटीपेक्षा त्यांचा आवाज मोठा आणि आवाजापेक्षा डोळे. शाळेत होते तेव्हापासून मी त्यांच्या शेजारी पखवाज घेऊन बसायचे. मग लग्न झालं, शिरूर तालुक्यातनं दौंड तालुक्यात यवतला आले, आणि माझ्या जागी पुरुषांच्या मंडळातले एक मामा बसायला लागले. मामा भला माणूस. पण मला त्यांचा इतका राग यायचा की सांगायची सोय नाही.

ती जागा मला परत मिळाली ती बिबट्यामुळं. हे लिहितानाही कसंतरी होतं, कारण आमच्या शेजारच्या शिवारात वाईट घडलं होतं आणि त्यावर हसण्यासारखं काही नाही. दिवेलागण झाली की बायामाणसं बाहेर पडेनाशी झाली. देवळातलं रोजचं भजन बंद पडलं. आमच्याकडं घरं गावठाणात कमी आणि मळ्यामळ्यांत जास्त. एका वस्तीवरनं दुसऱ्या वस्तीवर जायचं तर मधे ऊसच ऊस. शेवटी काकूंनी फर्मान काढलं, जिनं तिनं आपल्या घरी दार लावून बसायचं आणि मोबाईलवर सगळ्यांनी मिळून भजन म्हणायचं. मग मला फोन करून म्हणाल्या, "आन् मोबाईलच हाय तर यवतची पोरगी का नको?"

मी अशी ओरडले की सासूबाई गॅस तसाच सोडून धावत आल्या. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. आत्यांना वाटलं, मला विंचू चावला.

सप्ताहाला दोनेक महिने होते. सप्ताहात आमच्या मंडळाला दुपारची एक पाळी असते, अख्ख्या गावासमोर. त्या पाळीला पखवाजावर मीच बसायचं. बास. मला दुसरं काही नको होतं.

पहिल्या संध्याकाळी मी कणीक मळायला घेतली. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापावी लागते, तेव्हा तो घुमतो. आत्या परातीत डोकावल्या.

"ही कणीक चपात्यांची का त्या ढोलाची?"

"आधी ढोलाची, मग चपात्यांची."

"म्हंजी आज जेवाण कवा?"

त्यांचं विचारणं बरोबर होतं. जेवण फार उशिरा झालं, आणि भजन तर झालंच नाही. टाळ वाजले की आवाजच गायब! मोबाईलला टाळ म्हणजे गोंगाट वाटायचा आणि तो इमानदारीनं गिळून टाकायचा. काकूंनी पेटीवर सूर धरून ठेवला की थोड्या वेळानं तोही गडप. पंख्याची घरघर समजत असावा. काकू भडकल्या. "माझ्या पेटीला पंखा म्हणतो मेला!" आमचे हे कुरकुंभच्या कंपनीत मशीनवर आहेत. त्यांनी डोकं लावून मोबाईलमधली कुठलीतरी सेटिंग शोधली आणि एकेकीला फोन करून ती बदलायला लावली. आवाज यायला लागला, आणि मग खरं दुखणं वर आलं.

माझी थाप तिकडं पोचायला जरा वेळ लागायचा. त्यांचा आवाज इकडं यायला जरा वेळ लागायचा. जरासाच. पण भजनात सगळा खेळ त्या जराशाचाच असतो. त्या माझ्यासाठी थांबायच्या, मी त्यांच्यासाठी थांबायचे, की त्या आणखी थांबायच्या. अभंगाच्या शेवटाला लय चढायला पाहिजे, बसलेल्या माणसाला उठून नाचावंसं वाटलं पाहिजे. आमचा अभंग शेवटाकडं जाता जाता झोपी जायचा.

"मागं पडतीयास गं," काकू म्हणायच्या.

"मी न्हाई, तुम्ही मागं पडताय."

"आम्ही नऊ जणी मागं आन् तू एकटी बरोबर व्हय?"

रोज तेच. आणि मग एका संध्याकाळी त्या नऊ जणींतली एक दुसरीला म्हणाली, "लगीन झालं की हात जड हुतोच बाई." तिला वाटलं माईक बंद आहे. तो चालू होता.

मी मोबाईल उशीखाली कोंबला आणि आत्यांवर उगाचच खेकसले. मग आत जाऊन रडले. राग होताच, पण खरं सांगायचं तर भीती जास्त होती. हात खरंच जड झाला असला तर? पुढं कितीतरी दिवस भाकरी थापताना मी माझ्या हातांकडंच बघायचे.

गावात गोष्ट लपत नाही. सप्ताह कमिटीचे आप्पा काकूंना म्हणाले, "गावापुढं शोभा नको. मामांना बसवा." आणि काकू हे मला सांगायला स्वतः यवतला आल्या. चौफुल्याला गाडी बदलून, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. डबा बघितला आणि मी ओळखलं. आमच्या काकू उगाच कुणाला लाडू देत नाहीत.

"औंदा मामांना बसवू," त्या म्हणाल्या. "फुडल्या साली बघू."

मी डबा न उघडता त्यांच्याकडं परत सरकवला. माझं भांडण त्यांना झेपलं असतं, पण मी लाडू परत केलेले त्यांनी जन्मात बघितले नव्हते. त्या डब्याचं झाकण उघडत-लावत बसल्या. तेव्हा आत्याच मधे पडल्या. "आलाच हायसा तर आज हितनं म्हणा की तिच्यासंगं. तेवढंच घरात देवाचं नाव."

संध्याकाळी काकू माझ्या शेजारी बसल्या. पेटी नव्हती, नुसता गळा. बाकीच्या आठ जणी आपापल्या वस्तीवर, मोबाईलमध्ये. काकूंनी अभंग उचलला, मी ठेका धरला, आम्ही दोघी एका दमात निघालो. आणि मोबाईलमधनं आमच्या मागनं, चिखलातनं पाय उपसत आल्यासारख्या, त्या आठ जणी आल्या.

काकूंनी गाणं थांबवलं. "अगं पळा की! झोपलासा का सगळ्या?"

"काकू, मागं तुमी पडताय," पलीकडनं आवाज आला.

"मी?"

"व्हय. यवतला गेल्यावर तुमचा बी गळा जड झाला जणू."

आत्या तोंडाला पदर लावून अंगणात पळाल्या. मी हसत सुटले, पखवाजावर डोकं टेकून हसले, पोट दुखेस्तोवर. काकू आधी लाल झाल्या, मग माझ्याकडं बघितलं, आणि मग त्याही हसायला लागल्या. "अगंबाई," म्हणाल्या, "म्हंजी तू इतकं दिस खरं बोलत हुतीस?"

मी म्हटलं, "मी कवा खोटं बोलले?"

"गप बस. भांडू नको. मला इचार करू दे."

आणि त्यांनी विचार केला. बाई चौथी शिकलेली असो नाहीतर कितवी, मंडळ चालवायचं तिला ठाऊक होतं. दोन्हीकडचे एकमेकांची वाट बघतात म्हणून वाटोळं होतंय. मग एकानं वाट बघायचीच नाही. त्यांनी माझ्या मोबाईलचा आवाज पार बंद केला. "आमचं ऐकू नको. वाजव. तू तुझ्या लयीत जा, आमी तुझ्या मागनं येतो." बाकीच्यांनाही हुकूम सुटला: आपापला माईक बंद, फक्त हिचा पखवाज ऐकायचा आणि त्यावर म्हणायचं. आप्पांशीही त्याच बोलल्या. पाळीला पहिला अभंग माझा. घसरले तर पखवाज मामांकडं. मी कबूल झाले.

दिसायला तो प्रकार येडबंबूच होता. मी मोबाईलसमोर बसून अभंग मनात म्हणायचे आणि एकटीच वाजवायचे. पडद्यावर नऊ चौकोनांत नऊ तोंडं उघडायची, मिटायची, आवाज काहीच नाही. चित्रानं नेट फार खातंय म्हणून काकूंनी पुढं तोंडंही बंद करायला लावली. राहिले काळे चौकोन. वाजवून झालं की थोड्या वेळानं काकूंचा मेसेज यायचा, "छान बसतंय गं." तेवढ्यावर माझा दुसरा दिवस निघायचा.

आता आमच्या नेटची कथा. हायवे दारात, टॉवर खिडकीतनं दिसतो, पण नेट त्याच्या मर्जीनं येतं. वीज गेली की टॉवरही मान टाकतो. मी रंगात आलेली असायचे आणि पडद्यावर चक्र फिरायला लागायचं. म्हणजे माझी एक थाप कुणाला जात नव्हती. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी थांबले. मग डोक्यात आलं, हे काकूंना कळलं की आप्पांना कळणार आणि मामा मांडवात आलेच. नेट काही माझ्या हातात नव्हतं, पण हात तर होता. मी वाजवत राहिले, शेवटच्या गजरापर्यंत. पुढं असं कितीदा तरी झालं. नेट परत यायचं, काकूंचा मेसेज यायचा, "छान बसतंय गं," आणि मी मनाची समजूत घालायचे की थोडंफार तरी पोचलं असेल.

"नेट गेलंय नव्हं?" आत्या विचारायच्या. "मग कुणासाठी बडवतीयास?"

"देवासाठी."

"त्याचं तरी हाय का बघ नेट."

सप्ताहाला मी आदल्या दिवशी माहेरी गेले. एकदा तरी एकत्र बसून म्हणून बघू, असं मी म्हणत होते. पण काकू आणि निम्म्या टाळकरी भाकरीच्या कामाला लागल्या होत्या, त्यांना कोण उठवणार? सगळ्या एका जागी बसलो त्या थेट मांडवातच. समोर आप्पा, हाताची घडी. माझ्या बाजूला मामा, आपला पखवाज कणीक लावून, सुरात मिळवून तयार. मी हात मांडीखाली दाबून गरम केले.

काकूंनी सूर धरला. मी सवयीनं मान खाली घातली, कुणाचंच ऐकायचं नाही म्हणून. पण ऐकू आलं की! इतक्या दिवसांनी नऊ गळे आणि आठ टाळ एकदम अंगावर आले. डोळे भरले, समोरचं काही दिसेना. हात अडखळलाच असता, पण त्या अडखळू देईनात. वाट बघायची सवयच मोडली होती त्यांची. धडाधड पुढं चालल्या होत्या, मग मीही सुटले. शेवटाला लय चढली तेव्हा मांडवातली माणसं उठून उभी राहिली, आणि माझ्या बाजूला मामांनी आपला पखवाज आडवा ठेवला, एका टाळकरी बाईकडनं टाळांची जोडी मागून घेतली आणि आमच्यात येऊन नाचायला लागले. त्यांच्यावरचा माझा सगळा राग तिथं संपला.

गजर थांबल्यावर आप्पांनी हाताची घडी सोडली. "फुडचा घ्या," म्हणाले. मामांच्या पखवाजाकडं त्यांनी बघितलंही नाही.

पाळी झाल्यावर आम्ही सगळ्या पंगतीला एका ओळीत बसलो. आमटी, भाकरी, वर बुंदी. माझं पोट भरलं की जीभ सैल सुटते. "काकू, आता सांगायला हरकत न्हाई," मी म्हटलं. "किती दिस माझं नेटच नव्हतं. मी नुसतीच वाजवत बसायची."

ओळीतले हात थांबले.

"तुझं नेट गेलं हुतं?" सगळ्यात थोरल्या टाळकरी माझ्याकडं वळल्या. "आन् मी मेली समजत हुते माझाच मोबाईल बिघाडला! म्हटलं, माझ्या एकटीपायी सगळ्यांचं कशाला थांबवा? म्हणत राह्यले आपली, भांडी घासत."

"अगं मी बी!" त्यांच्या पलीकडची ओरडली. "मला वाटलं रिचार्ज संपला. मालकांना किती बोल लावलं मी!"

ओळीच्या टोकापर्यंत हेच निघालं. नेट जायचं माझं, आणि नऊ घरांत नऊ जणी दार लावून, आपलाच मोबाईल मेला असं समजून, बाकीच्या सगळ्या मिळून म्हणतायत या भरवशावर एकट्या एकट्या गात होत्या. चोरासारख्या गप्प! एकीनं दुसरीला सांगितलं नाही.

"आन् तुमचं ते छान बसतंय गं?" मी काकूंना विचारलं.

काकूंनी आमटीचा भुरका मारला. "मग काय लिहू? माझा मोबाईल मेला म्हणून? तू तिकडं हातपाय गाळून बसली असतीस."

आप्पा आमटीची बादली घेऊन वाढायला आले होते, ते तिथंच उभे राहिले. "थांबा थांबा. म्हंजी ह्या नऊ जणींनी सराव केला तरी कुणासंगं?"

सगळ्या हसायला लागल्या. काकू तेवढ्या हसल्या नाहीत. "कुणासंगं म्हंजी? हिच्यासंगं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या ताटात अर्धी भाकरी टाकली. "ऐकू येत नव्हती, पर वाजवत हुती की तिकडं."

मी मान खाली घालून ती भाकरी आमटीत कुस्करत राहिले.