मावशीचे न पोचलेले पैसे

चुंबकच्या सलूनमध्ये दाढीला बसलं की गालाला साबण आणि कानाला सल्ला एकदमच लागायचा. माणूस पक्का कवडीचुंबक. गिऱ्हाइकांनी प्रेमाने त्यातली कवडी तेवढी काढून टाकली होती. परमुलखात येऊन त्याने दुकान थाटलं होतं आणि ज्या मावशीने त्याला लहानाचं मोठं केलं, तिला तो दर महिन्याला पैसे पाठवायचा. पाठवले की फोन. "पोचले का?" इथून सुरू झालेल्या गप्पा तासभर चालायच्या. एरवी विनाकारण फोन करणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

"बँक सांगते ती फी वरवरची," वस्तरा पुसत तो गिऱ्हाइकाला सांगे. "खरी कात्री ती चलनाच्या भावात लावते. पलीकडच्याच्या हातात किती पडणार, एवढंच विचारायचं."

असं विचारत विचारत त्याला मोबाईलवरचं एक ॲप सापडलं. भाव चोख, फी थोडकी. पण ती फी दर खेपेला ठरलेली, रक्कम लहान असो की मोठी. मग काय! चुंबकने तीन महिन्यांचे पैसे एकदम पाठवायला सुरुवात केली आणि दोन वेळची फी वाचली म्हणून दिवसभर शीळ घालत हजामती केल्या.

दुसऱ्या खेपेला मात्र घोटाळा झाला.

"नाही रे आले," मावशी म्हणाली. ॲप म्हणत होतं, पोचले. दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं, मावशीचं उत्तर तेच. चुंबकच्या तोंडचं पाणी पळालं. पैसे बुडाले तर म्हातारी तिकडे खाणार काय? तो रोज फोन करू लागला. मावशीच उलट त्याला धीर द्यायची. "सापडतील रे. जेवलास का? गुडघा कसा आहे?"

शेवटी त्याने ॲपवाल्यांकडे लेखी तपास मागितला. तपासाची फी वेगळी. आपलेच पैसे शोधायला आपणच पैसे द्यायचे! पण मावशीचा प्रश्न होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याने घासाघीस न करता फी भरली.

ते सांगायला फोन केला, तर पलीकडे घरघर सुरू झाली.

"मावशे, हा कसला आवाज?"

"मिक्सर. नवा घेतलाय."

"कशाच्या जिवावर?"

मिक्सर बंद झाला.

"पहिल्याच दिवशी आले होते, मेल्या," ती म्हणाली. "तू दर महिन्याला बोलायचास, ते तीन महिन्यांवर नेलंस. मग मी काय करायचं?"

"अगं, तपासाची फी गेली ना माझी!"

"जाऊ दे गेली तर. रोज बोललास की!"

चुंबक ओरडणार होता, पण तो खुर्चीत टेकला. मावशीची आपल्याला किती आठवण येते, हे त्याला त्या रोजच्या फोनांनी कळून चुकलं होतं. फोन कमी केल्याची लाजही वाटली.

पैसे तो अजूनही तीन महिन्यांनीच पाठवतो. फी ती फीच. पण रोज संध्याकाळी शटर अर्धं ओढून तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत ऐसपैस बसतो आणि फोन लावतो.

"मावशे, पोचले का?"

"नाही रे बाबा, अजून पत्ताच नाही," मावशी मिक्सर बंद करत म्हणते.

"बरं. मग पोचेपर्यंत बोलू."